धोट्याला तोंड, परीक्षानळीला हात

"हात लावू नको."

गिरणीत नवा पोरगा लागला की त्याला सगळ्यात आधी हे ऐकवतात. ते बरोबरच आहे. चालत्या मशिनीत बोट गेलं तर ते परत येत नाही. पण हेच शब्द आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या अर्थानं ऐकले. विहिरीला हात लावू नको, पोथीला लावू नको, माणसाला लावू नको. हे तुम्हाला पाठ आहे. त्यावर कविता पुष्कळ झाल्या, मीही केल्या. पण यंत्राला हात लावू नको, काचेच्या नळीला हात लावू नको, हे जे आपल्या पोरींना अजून ऐकवतात, त्यावर आपण सभेत बोलत नाही. म्हणून हा इतिहास जमेल तसा लिहितो. मी इतिहासाचा मास्तर नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं.

कारण झालं भाचीचं. आठवीत आहे. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिनं टाकी भरली की वाजणारी घंटी बनवली. दोन तारा पाण्यात सोडायच्या. पाणी वर येऊन दोन्ही तारांना टेकलं की त्यातून अगदी बारीक करंट जातो. तेवढा करंट ट्रान्झिस्टरला पुरतो, तो बझरचा रस्ता उघडतो आणि घंटी ओरडते. ट्रान्झिस्टर चहाच्या पैशात येतो. बझर मी भंगारातून दिला. जोडणी तिची तिनं केली, चार वेळा चुकवली, पाचव्यांदा वाजली. मध्यरात्री वाजली, सगळी चाळ उठली.

प्रदर्शनाला मी रात्रपाळी करून तसाच गेलो. टेबलापाशी एक पोरगा उभा, पाहुण्यांना घंटी समजावून सांगत होता. भाची दारात रांगोळीच्या कडेला उभी. बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "अहो, मॉडेल तिचंच आहे, पण त्याचं बोलणं शुद्ध आहे. मोठे पाहुणे येणार होते." बाई वाईट नव्हत्या. मला खुर्ची दिली, चहा दिला. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

परत येताना भाची म्हणाली, "वाजली न्हवं मामा? मग झालं की." घरी गेल्यावर आईला म्हणाली, "मी फुडं आर्टच घेणार."

त्या रात्री गिरणीत मला धोटा आठवला.

माझा आजा मुंबईत गिरणीत होता. त्रासनखात्यात. त्रासन म्हणजे रिंग, सूत कातायचं खातं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजा बिऱ्हाड घेऊन गावी आला तो आलाच. तो सांगायचा, आपली माणसं त्रासनला भेटायची, साच्यावर भेटायची नाहीत. साचा म्हणजे माग. साचेवाल्याची कमाई जास्त, मान जास्त. आपली माणसं तिथं का नव्हती? अक्कल नव्हती म्हणून? हात चालत नव्हता म्हणून?

कारण धोट्यात आहे. त्या वेळच्या मागावर धोट्यातली कांडी संपली की साचेवाला नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं सूत बाहेर ओढायचा. दिवसातून कितीतरी वेळा. सुताला थुंकी लागायची. आता सवर्ण साचेवाल्याचं म्हणणं असं की, ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला मी तोंड लावणार नाही. झालं. सगळं विणाईखातं आपल्याला बंद. कापसाची धूळ खायला आपलं नाक चालत होतं, सूत काढायला आपलं तोंड चालत नव्हतं.

यात विज्ञानाची गंमत बघा. तोंडानं ओढायचा धोटा सगळ्यांनाच घातक होता. एकाच धोट्याला अनेक तोंडं लागली की रोग पसरतो, छातीत धूळ जाते. विलायतेतही यावर ओरड झाली. तोंड न लावता हातानं ओवायचे धोटेही निघाले होते. म्हणजे थुंकीचा खरा प्रश्न धोटा बदलून सुटणारा होता. इथं धोटा बदलला नाही, माणूस वगळला. जंतू कुणाला दिसला नाही, विटाळ तेवढा दिसला.

१९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले, सहा महिने गिरण्या बंद. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न टाकला. अस्पृश्य कामगाराला विणाईखात्यात घेण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? नव्हती. कामगारांच्या एकीची भाषणं रोज चालू, आणि ही ओळ यादीत नाही. ती घातली नाही तर आमची माणसं संपातून काढून घेईन, असं बाबासाहेबांना म्हणावं लागलं, तेव्हा कुठं नाखुशीनं ती आत घेतली. मालकांनी काय केलं? हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे म्हणून हात झटकले. मालकाचे हात स्वच्छ, पुढाऱ्याचे स्वच्छ, धोट्याला तोंड लावणाऱ्याचंही स्वच्छ. घाण फक्त आपण.

हे आपल्या पुरुषांचं झालं. गिरणीत बायकाही होत्या. वाइंडिंगला, रीलिंगला. सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची. बारीक बोटांचं काम. या बायकांना बाळंतपणाची रजा आणि पगार मिळावा म्हणून १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आलं, बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले आणि १९२९ साली कायदा झाला. पण पुढं नवी यंत्रं आली, बायकांना रात्रपाळीची बंदी होती, बाळंतपणाचा खर्च मालकाला जड वाटू लागला, आणि गिरणीतल्या बायका कमी कमी होत गेल्या. १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्याच्या २२ व्या कलमात असं लिहिलं की चालू यंत्राच्या ठराविक भागांची सफाई, तेल देणं, जुळवाजुळव हे काम बाईला आणि अल्पवयीन पोराला देऊ नये. कापूस फोडायच्या मशिनीजवळ बायकांना लावू नये, असं २७ वं कलम. हेतू जीव वाचवायचा होता, मी नाकारत नाही. पण बाई आणि पोर एका ओळीत बसवले. यंत्राला तेल कोण देणार, पाना कोण धरणार, ते ठरून गेलं. जो तेल देतो तो मशीन शिकतो, जो मशीन शिकतो तो फिटर होतो. मी काम केलेल्या खात्यांत आपल्या पोरी बॉबिना काढतात, झाडतात, गाठी मारतात. पॅनेल उघडून आत बघणारी बाई मी तिथं पाहिली नाही. भाचीनं एकदा विचारलं होतं, "मामा, फिटर बाई असती का?" मी म्हटलं, असेल कुठंतरी. हे उत्तर देताना मला माझीच लाज वाटली.

आता गिरणीतून शाळेत येऊ. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे यंत्राचं पहिलं दार. तिथं आपलं काय झालं?

बाबासाहेबांचं तर जगजाहीर आहे. बसायला घरून नेलेलं गोणपाट, पाण्याच्या नळाला हात नाही. हायस्कुलात मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर पोरं धावली ती फळ्यामागचे डबे हलवायला. गणित कुणाला पडलं नव्हतं. भाकरी बाटेल याची घाई होती.

पोरींचं बघायचं तर खाली दक्षिणेत, कोचीनला जावं लागतं. दाक्षायणी वेलायुधन. ४ जुलै १९१२ चा जन्म, कोचीजवळच्या मुळवुकाड बेटावरचा. जात पुलया. आपल्यात जसे दगडू, कचरू, धोंडी, तशी पुलयांच्या पोरींची नावं काळी, चक्की असली असायची. हिचं नाव दाक्षायणी ठेवलं, म्हणजे दक्षाची लेक, दुर्गा. वरच्या जातीच्या पोरींचं नाव उचललं म्हणून लोक हसले. ती एक वर्षाचीही नव्हती तेव्हा, १९१३ साली, तिथल्या पुलयांनी सभा घ्यायची ठरवली. राजाच्या जमिनीवर त्यांना सभा करायची सोय नव्हती. मग त्यांनी खाडीच्या पाण्यात होड्यांना होड्या बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि पाण्यावर सभा भरवली. तिच्या घरची माणसं त्यात पुढं होती. चवदार तळ्याच्या चौदा वर्षं आधीची ही गोष्ट. पाणी बाटवल्याचा आरोप तिथं कुणी केला का ते बाजूला ठेवा, पण पाण्यावर उभं राहून बोलायची ही युक्ती वाचून मी पाळीत एकटाच हसलो.

ही पोरगी शिकली. कोचीन संस्थानच्या शिष्यवृत्तीवर एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात गेली आणि विषय घेतला रसायनशास्त्र. विज्ञानाच्या वर्गात पोरगी ती एकटी. प्रयोग दाखवायच्या वेळी वरच्या जातीचा शिक्षक तिला जवळ येऊ द्यायचा नाही, हाताशी घेऊन दाखवायचा नाही. ती लांब उभी राहून बघायची. बाकीच्यांच्या हातात नळी, हिच्या डोळ्यात नळी. रंग कधी बदलला, फेस कधी आला, सगळं लांबून. तसं बघून बघून ती १९३५ साली पदवीधर झाली. विज्ञानाची पदवी घेणारी देशातली पहिली दलित बाई म्हणून तिचं नाव घेतात.

मित्रांनो, इथं जरा थांबा. ज्याला स्वयंपाक येतो त्याला विचारा, लांबून बघून भाजीचं मीठ कळतं का? रसायनशास्त्र हातानं शिकायचं शास्त्र आहे. आम्ल किती थेंब, आच किती, नळी कशी तिरपी धरायची, हे पुस्तकात नसतं, मनगटात असतं. त्या माणसानं तिच्या मनगटातून शास्त्र काढून घेतलं आणि डोक्यात तेवढं राहू दिलं. पुढं ती काय झाली? शाळामास्तरीण. रस्त्यानं जाताना शेताच्या अरुंद बांधावर सवर्ण बाई समोर आली आणि म्हणाली खाली चिखलात उतर, तर ही उतरली नाही. पदवी घेतलेल्या बाईला बांध लढवावा लागत होता. ती कोचीनच्या कौन्सिलात गेली, १९४६ ला संविधान सभेत गेली. तिथली ती एकटी दलित बाई. २९ नोव्हेंबर १९४८ ला अस्पृश्यता मोडणारं कलम सभेपुढं आलं तेव्हा ती बोलली. मोठंच काम. पण रसायनशास्त्राला ती मिळाली नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

काहीजण म्हणतील, ती गांधींच्या बाजूची. खरं आहे. १९४० साली तिचं लग्न वर्ध्याला सेवाग्रामात गांधींसमोर लागलं. स्वतंत्र मतदारसंघाला तिचा विरोध होता. मला तिचं राजकारण पटत नाही. पण आपल्या पोरीला लांब उभं केलं गेलं तेव्हा तिचा पक्ष विचारून उभं केलं नव्हतं.

त्याच सुमाराची कमला भागवत, पुढं सोहोनी, बहुतेकांना माहीत असते. १९३३ साली मुंबईची बी. एस्सी. पहिल्या नंबरानं. बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन, नोबेलवाले, म्हणाले बाईला घेत नाही. ही तिथं जाऊन सत्याग्रहाला बसली. मग घेतलं, तेही एक वर्ष परीक्षेवर आणि अटींवर. तुझ्यामुळं पुरुषांचं लक्ष उडता कामा नये, ही त्यातली एक अट. तिनं करून दाखवलं. १९३९ ला केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, पुढं मुंबईत येऊन नीरेवर काम केलं, गरिबाच्या पोटात त्यातून काय जातं ते शोधलं. मला या बाईबद्दल आदर आहे. पण हिशेब सरळ मांडू. कमलाचा बाप रसायनशास्त्रज्ञ, चुलता रसायनशास्त्रज्ञ. तिला एकच दार बंद होतं, बाईपणाचं, आणि ते ठोठवायचं कसं हे घरात माहीत होतं. दाक्षायणीला दोन दारं, आणि दुसऱ्या दाराला तर सत्याग्रह करायची जागाही नाही. कारण तिला प्रवेश दिला होता. वर्गात घेतलं, हजेरी लावली, फक्त जवळ घेतलं नाही. माझ्या भाचीलाही कुणी नाकारलेलं नाही. रांगोळीशेजारी उभं केलंय.

आता आपल्या घरात येतो.

१९४२ साल. २० जुलैला नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका. बाबासाहेब तिथं काय बोलले ते आपण दर चौदा एप्रिलला सांगतो. समाज किती पुढं गेला ते बायकांवरून मोजतो, पोरींची लग्नं घाईनं उरकू नका, पोरांना शिकवा. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला आपल्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणाचा भाग आहे, तो वाचा, खंडात आहे. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचं फारसं भागणार नाही, वरच्या दर्जाचं विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकलं तरच काही होईल, आणि ते शिक्षण आपल्या ऐपतीबाहेरचं आहे म्हणून सरकारनं पैसे द्यावेत, परदेशातही पाठवावं, अशी मागणी आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आपली उमेदवार पोरं घ्या, हेही आहे. म्हणजे पाना हातात द्या. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, ज्यावर आपल्यातले कितीतरी जण शिकले. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेही नुसतं कलेचं नव्हतं, कला आणि विज्ञान दोन्हींचं.

जुलै आणि ऑक्टोबर. मध्ये शंभर दिवस. आपण जुलैचं भाषण पोरींना सांगितलं आणि ऑक्टोबरचं निवेदन पोरांना. दोन्ही कागद एकत्र शिवले नाहीत. विद्यार्थी म्हटलं की घरात पोरगाच समजलो. मी तरी काय केलं? धाकट्या भावाला पदरमोड करून आयटीआयला घातला, वायरमन झाला. त्याच्या पाठच्या बहिणीची पाळी आली तेव्हा शिवणक्लास. तिचं गणित त्याच्याहून बरं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. बामणी व्यवस्थेला शिव्या देणं सोपं आहे, मीही चांगल्या देतो. पण शिवणक्लासची फी मी भरली होती, व्यवस्थेनं नाही.

१८५५ साली पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर, मुक्ता, चौदा वर्षांच्या आसपासची, आजच्या आठवी-नववीच्या वयाची. तिनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. नीट वाचा तो. नुसतं रडगाणं नाही. तुमचे वेद तुमचेच असतील तर आमच्याकडे धर्माचं पुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न आहे. एक गोष्ट धरायची, तिचा शेवट काय होतो ते तपासायचं. यालाच विज्ञान म्हणतात. तीन वर्षांच्या शाळेवर त्या पोरीनं ते केलं. तेव्हा आठवीतल्या पोरीला हे जमणार नाही, बोलणं शुद्ध नाही, हे मला कुणी सांगू नये.

रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात एक टेबल टाकलंय. सातवी-आठवीच्या पाच पोरी आल्या. एक मल्टिमीटर, एक जळका पंखा, पेंचिस, सोल्डरिंग. नियम एकच केला. मी हात मागं बांधून उभा राहायचं, उघडायचं-जोडायचं त्यांनी. फार अवघड जातं. सारखं वाटतं दे इकडं, मी करतो. तेव्हा कळलं की तो कोचीनचा शिक्षक माझ्यातही आहे.

दुसऱ्या महिन्यात दोघी यायच्या बंद झाल्या. एकीच्या आईकडं गेलो. ती म्हणाली, "शिकून डॉक्टर झाली तर काय हुतंय? त्या तडवीच्या पोरीचं काय झालं?" ती पायल तडवीबद्दल बोलत होती. आदिवासी घरातली डॉक्टर. मुंबईत पुढचं शिकत होती. २२ मे २०१९ ला तिनं जीव दिला. जातीवरून छळ केल्याचा आरोप बरोबरच्या वरिष्ठ डॉक्टर बायकांवर आला. मी उत्तर दिलं नाही. त्या आईची भीती खोटी नाही, तिला भाषण देऊन चालत नाही. मी म्हटलं, तुम्ही येऊन बसा टेबलापाशी. पुढच्या रविवारी आली. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली. पोरीनं पंख्याचं कॉइल उलगडलं तसं लांबूनच म्हणाली, "किती येढं हायेत ते मोज आधी, मग काढ." मोजले. परत गुंडाळताना तेच उपयोगी पडलं.

भाची अजून आर्टच म्हणते. पण घंटी तिनं पुन्हा मोडून टेबलावर आणलीय. आता तिला टाकी रिकामी झाली तरी वाजायला पाहिजे. कसं करायचं ते मलाही येत नाही. जोडणीचा कागद तिनं भिंतीला डकवलाय. कुणाला कळत असेल त्यांनी रविवारी सहानंतर यावं. जुना रेडिओ, बंद मिक्सर, मोबाइलचा जळका चार्जर, काही असेल तर आणा. आणि येताना धाकटी बहीण घेऊन या.